मामी आणि बारा मिनिटांची मोटार

सोलापुरात ‘नाही’ हा शब्द जिला ऐकूच येत नाही अशी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली, आणि ती म्हणजे माझ्या मामी. एरवी त्यांचे कान कमालीचे तिखट आहेत. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या बोळात रिक्षा शिरली की भाकरी थापता थापता त्या सांगतात, ‘हिचा सायलेन्सर कुठंतरी फुटलाय.’ शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकून त्याचं रबर बदलायला झालंय हे त्यांना भिंतीपलीकडून कळतं, आणि त्या ते भिंतीपलीकडं कळवतातही. पण ‘हे मिळणार नाही’, ‘हे होणार नाही’ आणि ‘हे बायकांचं काम नाही’ ही तीन वाक्यं त्यांच्या कानाच्या उंबऱ्यापर्यंत येतात आणि चप्पल न काढताच परत जातात. तीसेक वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. सुरुवातीला प्रयोगशाळेसाठी खोली नाही असं मुख्याध्यापकांनी सांगितलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांच्याच टेबलावर स्पिरिटचा दिवा पेटवून आठवीच्या वर्गाला प्राणवायू तयार करून दाखवला. आठवड्याच्या आत खोली मिळाली. त्या खोलीला खिडकी नव्हती, तीही पुढच्या महिन्यात मिळाली.

अशा बाईंशी संसार करायला माझ्या मामांसारखाच माणूस हवा होता. मामा कोर्टात कारकून होते. जन्मभर दुसऱ्यांची भांडणं लिहून काढल्यामुळं स्वतःच्या भांडणाची हौस त्यांच्यात शिल्लक राहिली नव्हती. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मी काय म्हणतो’ असं सुरू होतं आणि तिथंच संपतं, कारण मामा पुढं काय म्हणणार होते ते मामींना आधीच माहीत असतं आणि बहुतेक वेळा ते त्यांना पटलेलं नसतं.

मामी मूळच्या अक्कलकोटच्या. वडील, म्हणजे आप्पा, तुरीचे आणि भुईमुगाचे अडते. घरात अर्धं बोलणं मराठीत, अर्धं कानडीत, आणि रागावणं दोन्ही भाषांत. आप्पांकडं एक विलायती मोटार होती. काळी, गोल दिव्यांची, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फळ्या असलेली. वळायचं असलं की दिवा लुकलुकायच्या ऐवजी दाराच्या खांबातून एक छोटा हात बाहेर यायचा. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. आप्पा ती स्वतःच दुरुस्त करत, आणि हाताखाली थोरल्या मुलाला, म्हणजे अण्णांना, घेत. मामी तेव्हा दहा वर्षांच्या. त्यांचं काम पाने पुसून हातात देण्याचं. एकदा त्यांनी एक पाना हातात न देता स्वतःच नटाला लावला, तेव्हा आप्पा म्हणाले, ‘पोरीच्या जातीनं पाना द्यायचा, फिरवायचा नाही.’ मामींनी पाना खाली ठेवला. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा त्या सासष्ट वर्षांच्या होत्या, आणि अजूनही आप्पा पुढच्या खोलीत बसलेले असावेत अशा चिडलेल्या होत्या.

आप्पा गेल्यावर गाडी अण्णांच्या गोदामात पडून राहिली. चाळीस-एक वर्षं तिच्यावर तुरीची पोती पडली, घुशींनी सीटमध्ये बिऱ्हाडं केली, कोंबड्यांनी टपावर. सहा-सात वर्षांपूर्वी अण्णांना गोदाम मोकळं करायचं होतं. त्यांनी फोनवर सहज सांगितलं की उद्या भंगारवाला येतोय, आप्पांची गाडी एकदाची निघेल. मामींनी फोन ठेवला, पिशवीत दशम्या, शेंगाचटणी आणि पाण्याची बाटली भरली, आणि मला म्हणाल्या, ‘साहित्यिक, उद्या सकाळी रजा टाक.’ मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळं मामींच्या लेखी माझ्या रजेनं कुणाचंच नुकसान होत नाही.

आम्ही सकाळच्या एसटीनं अक्कलकोटला पोचलो तेव्हा भंगारवाला गॅसकटर लावून तयार होता. मामी कुणाशी काही न बोलता गोदामात शिरल्या, गाडीचं दार ओढून उघडलं, पदरानं सीट झटकली आणि पुढं, चालकाच्या जागी जाऊन बसल्या. अण्णा आले. मामींपेक्षा सात वर्षांनी मोठे, उंच, आप्पांचंच नाक.

‘तंगी, उतर,’ अण्णा म्हणाले. धाकट्या बहिणीला त्यांच्याकडं तंगी म्हणतात.

‘बेडा,’ मामी म्हणाल्या. म्हणजे नको.

‘हे बग, माल ठेवायला जागा न्हाय हितं. लोखंड हाय ते आता. गाडी न्हाय.’

‘लोखंड असेल तर तुला नको आणि मला हवंय. मिटलं की.’

अण्णांनी बरंच समजावलं. इंजिन जाम आहे, वायरी घुशींनी खाल्ल्यात, सुटे भाग मिळत नाहीत, मेकॅनिक मिळत नाही, सोलापूरच्या बोळात ठेवणार कुठं. मामींनी प्रत्येक मुद्द्याला दशमीचा एकेक घास खाल्ला. अकरा वाजता बसलेल्या मामी साडेचारला उतरल्या, त्या भंगारवाला कटर गुंडाळून दुसऱ्या कामाला निघून गेल्यावर. निघताना अण्णा म्हणाले, ‘ने. पण ती ज्या दिवशी सोताच्या चाकावर हितं परत येईल त्या दिवशी सांग. मी दारात रांगोळी काढतो.’ हे ते हसत म्हणाले, आणि मामींनी ते हसणं कायमचं लक्षात ठेवलं.

गाडी टेम्पोतून शुक्रवार पेठेत आली. घरापुढच्या अंगणात ती बसवायला फाटक काढावं लागलं, तुळस गच्चीवर गेली आणि मामांची स्कूटर बोळात. मामा ओट्यावर उभे राहून म्हणाले, ‘मी काय म्हणतो...’ आणि मग गाडीकडं बघत राहिले. मामींचा अभ्यास तोवर सुरू झाला होता. इंटरनेटवरून गाडीची जुनी पुस्तिका त्यांनी शोधली, ती छापून घेतली, बांधून घेतली, आणि लाल पेनानं तिच्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या.

इंजिन खरोखरच जाम होतं. चारही पिस्टन गंजून सिलिंडरला धरून बसले होते. स्टेशनकडचा एक गॅरेजवाला येऊन पाहून गेला. चांगला माणूस, हातात कसब असलेला, पण घाईचा. तो म्हणाला, ‘मॅडम, घण घालावा लागंल.’ मामींनी त्याला चहा दिला आणि घणासकट परत पाठवलं. मग प्लग काढून त्यांनी चारही भोकांतून डिझेल आणि पातळ ऑइल ओतलं, आणि रोज सकाळी पूजा आटोपली की इंजिन फिरवायच्या पुढच्या हँडलला एकदाच, जोर न लावता, हात लावून बघायच्या. त्यांचं म्हणणं, आपण जोर लावला की लोखंडही हट्टाला पेटतं. अठरा दिवस काही झालं नाही. एकोणिसाव्या दिवशी हँडल दोन बोटं सरकलं. मामींनी ओल्या हातानं मला फोन केला आणि ‘सरकलं’ एवढंच बोलून बंद केला. मला वाटलं, घराचं छप्पर. मी धावत गेलो.

इंजिन बाहेर काढायचं तर वर टांगायला काहीतरी भक्कम हवं. अंगणात भक्कम असं एकच होतं, मामांच्या झोपाळ्याची लोखंडी चौकट. त्या झोपाळ्यावर मामा दुपारी जेवून झोप काढत. तो उतरला आणि तिथं साखळीला इंजिन लोंबू लागलं. पुढचे आठ महिने मामा खुर्चीत बसून डुलकी घेत आणि मधूनच पाय हलवून खुर्चीला झोका द्यायचा प्रयत्न करत. स्वयंपाकघरातही उलथापालथ झाली. बारीक स्क्रू ठेवायला सात वाट्यांच्या मसाल्याच्या डब्याइतकी सोय कशातच नाही असं मामींच्या लक्षात आलं. एकदा त्या बाहेर असताना मामांनी आमटीला फोडणी द्यायला घेतली आणि मोहरीच्या वाटीतून जे काही टाकलं ते तडतडलं नाही. मामींनी आल्यावर आमटी गाळली, कार्ब्युरेटरचे चारही स्क्रू मिळाल्याची खात्री केली आणि मगच मामांच्या तब्येतीची चौकशी केली.

कामाची त्यांची पद्धत शाळेतलीच होती. प्रत्येक भाग काढला की त्याला चिठ्ठी, वहीत आकृती, तारीख, निरीक्षण, अनुमान. सिलिंडर घासून मोठे करून घ्यायला त्या स्वतः लेथवर जाऊन उभ्या राहिल्या. तिथल्या कारागिरानं काम झाल्याचं सांगितलं, तेव्हा मामींनी पर्समधून मायक्रोमीटर काढला, चारही सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मोजले, आणि म्हणाल्या, ‘तिसरा लंबगोल आहे.’ कारागीर म्हणाला, ‘केसाएवढा फरक हाय मॅडम.’ ‘कुणाच्या केसाएवढा?’ मामींनी विचारलं. तो हसला, पण त्यानं सिलिंडर परत लावला. पुढं त्याच्याकडं कुणी घाई करायला लागलं की तो म्हणे, थांबा, ती पर्सवाली मॅडम कधीबी येईल.

विजेचं काम त्याहून अवघड निघालं. घुशींनी वायरींचं नाव शिल्लक ठेवलं नव्हतं. गॅरेजवाला म्हणाला, आजकालच्या प्लास्टिकच्या वायरी टाका, कोण बघतंय. मामी म्हणाल्या, ‘मी बघतेय की.’ जुन्या वायरींवर सुताचं विणलेलं कवच होतं, रंगीत दोऱ्याच्या रेघांचं. लाल रेघेची कुठली, हिरवीची कुठली, सगळं त्या दोऱ्यावरून ओळखायचं. गाडीचा डायनॅमो, म्हणजे बॅटरीला वीज पुरवणारं यंत्र, तोही जळलेला होता. तो घेऊन आम्ही एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं गेलो. तेलुगू कुटुंब, तीन पिढ्या यंत्रमागाच्या मोटारी बांधण्यात गेलेली. म्हाताऱ्या मालकानं डायनॅमो उलटासुलटा पाहिला आणि बाजूला सारला.

‘अम्मा, हे कोण वापरत नाय आता. नवीन पद्धतीचं बसवा की.’

‘अर्ध्या सोलापूरचे माग तुमच्या हातच्या मोटारींवर चालले,’ मामी म्हणाल्या. ‘हा एवढासा डायनॅमो तुम्हाला भारी झाला का?’

म्हाताऱ्यानं चष्मा पुसला आणि डायनॅमो पुन्हा पुढं ओढला. चार दिवसांनी गेलो तर तो नव्यानं बांधून तयार होता, वर वार्निश चमकत होतं, आणि म्हाताऱ्यानं वायरींचाही प्रश्न सोडवून ठेवला होता. त्याच्या मेहुण्याकडं नाडी विणायचं मशीन होतं. लेंग्याची नाडी जशी गोल विणली जाते तसंच सूत वायरीभोवती विणून निघालं, हव्या त्या रंगाच्या रेघेसकट. मामींनी ती वायर हातात घेतली, उजेडात धरली आणि दुकानातल्या स्टुलावर खाली बसल्या. त्या बाईंना कुठं बसून घ्यावं लागलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

या गाडीची आणखी एक खोड होती. आजकालच्या सगळ्या गाड्यांत बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडतात, हिच्यात धन टोक. मामींनी बॉनेटच्या आत लाल रंगानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, ‘धन टोक बॉडीला. विचार न करता हात लावू नये.’ तरी गॅरेजवाल्यानं मदतीच्या भरात बॅटरी उलटी जोडलीच. ‘मॅडम, जन्म गेला बॅटऱ्या लावण्यात,’ तो म्हणाला. ‘मग हा जन्म थोडा थांबवा,’ मामी म्हणाल्या, आणि त्याला अंगणातल्या पाटावर बसवून खडूनं फरशीवर आकृती काढून अर्धा तास विद्युतप्रवाह शिकवला. शेवटी प्रश्नही विचारले. बिचाऱ्यानं दोन बरोबर सांगितले. त्या दिवसापासून तो मामींना मॅडम म्हणायचं थांबला आणि बाई म्हणायला लागला.

इंजिन पुन्हा गाडीत बसलं. संक्रांतीच्या आसपासच्या एका रविवारी सकाळी मामींनी चावी फिरवली. मागं पेट्रोलचा पंप टिकटिकला, बटण दाबलं, इंजिन दोनदा खोकलं, आणि चालू झालं. इतक्या गुळगुळीत आवाजात चालू झालं की बोळातल्या बायका खिडक्यांतून पाहायच्या ऐवजी कान देऊन ऐकत राहिल्या. मामा ओट्यावरून उतरून आले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मामी घड्याळाकडं बघत होत्या. बारा मिनिटांनी इंजिन अडखळलं आणि बंद पडलं.

अर्ध्या तासानं ते पुन्हा चालू झालं, आणि पुन्हा बारा मिनिटांनी बंद पडलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. कधी अकरा, कधी तेरा, पण पुढं नाही. ते दोन महिने आमच्या घराण्याच्या इतिहासात नोंदवून ठेवावेत असे गेले. गाडीत काय बिघाड आहे हे ज्याला माहीत नाही असा माणूस शुक्रवार पेठेत उरला नाही. दूधवाला म्हणायचा, पेट्रोलमध्ये पाणी आहे. पुरोहित म्हणायचे, आधी पूजा करायला हवी होती. गॅरेजवाल्यानं सरळ सांगितलं की एका जुन्या व्हॅनचं इंजिन आहे माझ्याकडं, ते टाकू, बाहेरून कुणाला कळणार नाही. आणि अण्णा दर गुरुवारी अक्कलकोटहून फोन करायचे. ‘काय तंगी, किती मिनिटं?’ ते विचारायचे. मामी खरा आकडा सांगायच्या. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही येत नसे, फक्त फोन ठेवल्यावर भांड्यांचा आवाज जरा मोठा व्हायचा.

गाडी चालू होते आणि बंद पडते यात मला तोवर गंमत वाटत होती. पण फाल्गुनातल्या एका दुपारी मी गेलो तर मामी गाडीच्या फळीवर बसल्या होत्या. हात काळे, केस कपाळावर आलेले, भोवती एकाच वेळी बदललेल्या भागांचा पसारा, वही मिटलेली. मी त्यांना वही मिटून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मामा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. ‘मी काय म्हणतो,’ मामा म्हणाले. मामी काहीच बोलल्या नाहीत. त्यामुळं लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच मामांना वाक्य पूर्ण करावं लागलं. ते म्हणाले, ‘तू वर्गात सांगायचीस ना मुलींना, सगळं एकदम बदलायचं नाही म्हणून. मग आता तू का सगळं एकदम बदलतेयस?’

मामींनी वही उघडली.

दुसऱ्या दिवसापासून एका वेळी एकच गोष्ट. गाडी गरम होऊन बंद पडली की लगेच पेट्रोल येतंय का पाहायचं. येत होतं. मामांचा पंचा थंड पाण्यात भिजवून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळायचा. फरक नाही. दुसऱ्या खेपेला ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलवर गुंडाळायचा. फरक नाही. मग प्लगची ठिणगी बघायची. थंड असताना निळी आणि टणक, गरम झाल्यावर पिवळसर, मरतुकडी. मामी वहीत लिहीत गेल्या आणि एकेक नाव खोडत गेल्या. शेवटी एकच उरलं. करंगळीएवढा कंडेन्सर. ठिणगी नको तिथं उडू न देणं एवढंच त्याचं काम. तो इंजिनाला चिकटलेल्या डबीत बसलेला असतो, तिथंच तापतो.

‘पण तो तर नवा आहे,’ मी म्हणालो.

‘तीन नवे आणलेत, तिन्ही बाजारातले,’ मामी म्हणाल्या. ‘नवा म्हणजे चांगला हे तुझ्या साहित्यात चालत असेल.’

त्यांनी तिन्ही कंडेन्सर स्वयंपाकघरात नेले, गॅसवर तवा ठेवला, मंद आचेवर पहिला कंडेन्सर शेकला, भाकरीसारखा उलटला, आणि चिमट्यात धरून धावत अंगणात आणून गाडीत बसवला. थंड इंजिन एका मिनिटात बंद पडलं. दुसरा, तसाच. तिसरा, तसाच. तीनदा बंद पडलेल्या गाडीसमोर मामी ज्या आनंदानं उभ्या होत्या तो आनंद मी चालू गाडीसमोरही पाहिलेला नाही. रिवाइंडिंगवाल्या म्हाताऱ्याकडून त्यांनी विजेचा जास्त दाब सोसणारा, पण क्षमता तीच असलेला कंडेन्सर आणला आणि तो इंजिनापासून लांब, बॉनेटच्या मागच्या पत्र्यावर बसवला, जिथं उष्णता पोचत नाही. त्या दिवशी इंजिन बारा मिनिटं चाललं, वीस चाललं, चाळीस चाललं. तासाभरानं मामांनी विचारलं की आता ते बंद कसं करायचं.

गाडीच्या कागदपत्रांच्या कचेरीत त्यांची एक जुनी विद्यार्थिनी निघाली. मामींना पाहून ती खुर्चीतून उठून उभी राहिली आणि काम होईपर्यंत बसली नाही. तरी मामींनी तिच्याकडून एकही नियम गाळून घेतला नाही, उलट तिनं विसरलेला एक तिला दाखवून दिला.

आणि मग अक्कलकोट. त्या गुरुवारी अण्णांचा फोन यायच्या आतच आम्ही निघालो. मामी चालवत होत्या, शेजारी मी, मागं मामा. मामींनी अण्णांच्या तोंडावर काय काय बोलायचं याची तयारी केली होती हे मला त्यांच्या ओठांच्या हालचालीवरून कळत होतं. शहराबाहेर पडताना वळणावर गाडीच्या खांबातून हात बाहेर आला तेव्हा मागचा रिक्षावाला एवढा चकित झाला की त्यानंही रिक्षातून हात बाहेर काढला. कुंभारी गेलं, वळसंग गेलं, दोन्हीकडं तुरीची काढलेली शेतं. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

अण्णांच्या दारात गाडी उभी राहिली. मामींनी मुद्दाम इंजिन बंद केलं नाही. अण्णा काठी टेकत बाहेर आले. त्या वर्षभरात ते फार उतरले होते, आणि डोळ्यांनाही कमी दिसायला लागलं होतं हे फोनवर त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ते गाडीजवळ आले, पण गाडीला हात लावला नाही. नुसते आवाज ऐकत उभे राहिले. मामी खाली उतरल्या. ‘रांगोळी कुठाय?’ त्यांनी विचारलं.

अण्णा म्हणाले, ‘आप्पा असते तर माज्या थोबाडीत मारली असती.’

मामींना ते कळलं नाही. मलाही नाही. अण्णा हळूहळू बोलत होते, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. लहानपणी या गाडीखाली आप्पांनी त्यांना किती मारलं ते सांगत होते. नट चुकीचा फिरला की हातावर पाना. एकदा बोट मोडलं होतं, आईला सांगितलं की विहिरीवर पडलो. त्यांना यंत्रातलं काही कळत नसे, कळावंसं वाटतही नसे. त्यांना दुकानात, वह्यांमध्ये, माणसांत बसायचं असायचं. ‘तू पाना पुसून द्यायचीस तवा मला वाटायचं, हिच्या जागी मला बसवा. पाना द्यायचं काम लई सोपं होतं. पण आप्पांना कोण सांगनार,’ ते म्हणाले. ‘गोदामात ती दिसली की अजून हाताला कळ यायची. म्हनून काडायची होती. तुज्यावर राग न्हवता, तंगी.’

मामींनी गाडीत हात घालून चावी फिरवली. इंजिन थांबलं. पाठ केलेलं भाषण त्यांनी कुठं ठेवलं कोण जाणे. त्यांनी अण्णांचा उजवा हात धरला, बोटं एकेक करून चाचपली, आणि वाकडं बोट सापडलं तिथं थांबल्या. ‘पन्नास वर्षांत एकदा सांगायचं होतंस की,’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी मागचं दार उघडलं. अण्णा नको म्हणत होते. मामींना अर्थातच ते ऐकू आलं नाही. मामा सरकून बसले, अण्णा आत बसले, आणि मामींनी अक्कलकोटच्या रस्त्यांवरून त्यांना दोन फेऱ्या मारून आणल्या, एकही खड्डा लागू न देता. पहिल्या फेरीत अण्णा दाराची कडी घट्ट धरून होते. दुसऱ्या फेरीत त्यांनी काच खाली करून ओळखीच्या लोकांना हाका मारल्या. मामींच्या वहिनींनी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती, ती खाऊन आम्ही निघालो.

परतताना मामा मागं झोपून गेले. मामी समोर बघत गाडी चालवत होत्या. भांडायला तयार होऊन निघालेल्या आणि समोर भांडायला कुणी नसलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते मी त्या दिवशी पाहिलं. वळसंगच्या पुढं त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि खाली उतरल्या. मला वाटलं, काही बिघडलं. त्या वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि दार उघडून म्हणाल्या, ‘सरक. चालव तू जरा.’

मी म्हणालो, ‘मी? मामी, मला ही जमायची नाही.’

‘जमेल. मला बाहेर बघायचंय. लहानपणी या रस्त्यानं किती वेळा आले, पण आप्पांच्या हातांकडंच बघत बसायची मी. रस्ता कसा आहे ते कधी बघितलंच नाही.’

त्या माझ्या जागी बसल्या, काच पूर्ण खाली केली आणि कोपर खिडकीवर टेकलं. ऊन कलतं होतं. लांब शेतात कुणीतरी मेंढरं बसवली होती. मी गाडी पुढं घेतली. पहिला गिअर करकरला, दुसरा त्याहून जास्त करकरला. मी घाबरून त्यांच्याकडं पाहिलं. मामी बाहेर बघत होत्या.